पॅकार्डच्या गाड्यांतले दोष कामगारांच्या माथी मारू नका : उत्पादन अभियांत्रिकी आणि व्यवस्थापन शिकवणाऱ्या प्राध्यापकांना खुले पत्र

सन्माननीय प्राध्यापकहो,

स. न. वि. वि.

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांच्या गुणवत्ता विभागात माझी सगळी नोकरी झाली. निवृत्तीनंतर अभियांत्रिकी आणि एमबीएच्या मुलांच्या प्रकल्पांसाठी बाहेरचा परीक्षक म्हणून मला अधूनमधून बोलावणं येतं आणि मी आनंदाने जातो. ‘बुडालेल्या कंपन्या’ हा विषय निघाला की डेट्रॉईटच्या पॅकार्ड मोटर कार कंपनीवर एखादा तरी गट बोलतो. एके काळी अमेरिकेतली सर्वांत प्रतिष्ठेची गाडी बनवणाऱ्या या कंपनीचा डेट्रॉईटमधला कारखाना १९५६ मध्ये कसा बंद पडला, हे मुलं मेहनतीने मांडतात. कारणांच्या यादीत मात्र एक ओळ ठरलेली असते : ‘१९५५च्या मॉडेलमध्ये खराब कारागिरी, कामगारांचा निष्काळजीपणा, युनियन.’ तिथे त्यांना कोणी अडवत नाही. पुढची स्लाइड येते, गुण दिले जातात.

त्या एका ओळीसाठी हे पत्र लिहितो आहे. १९५५च्या पॅकार्डमध्ये दोष होते, भरपूर होते, त्यात वाद नाही. पण ते कोणी घातले याचं उत्तर मुलांना चुकीचं मिळतंय आणि तेच उत्तर डोक्यात घेऊन ती उद्या चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूरच्या कारखान्यांत सुपरवायझर म्हणून उभी राहणार आहेत.

आधी त्या कामगारांची ओळख करून देतो, कारण सादरीकरणांत ती कधीच येत नाही. सप्टेंबर १९४० मध्ये पॅकार्डने रोल्स-रॉइसचं मर्लिन हे विमानाचं इंजिन अमेरिकेत बनवायचा करार केला. ब्रिटिश ड्रॉइंग फर्स्ट अँगल प्रोजेक्शनमध्ये होती, अमेरिकेत थर्ड अँगलची पद्धत; वस्तूची वरून, समोरून, बाजूने दिसणारी चित्रं कागदावर कुठे मांडायची, याच्या या दोन उलट रीती. तुमच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना या दोहोंतला फरक करताना घाम फुटतो, तर पॅकार्डच्या ड्राफ्ट्समननी आख्ख्या इंजिनाची ड्रॉइंग नव्याने काढली. आटे ब्रिटिश मापाचेच ठेवायचे होते, म्हणजे ब्रिटनहून आलेला भाग अमेरिकन इंजिनाला आणि अमेरिकन भाग ब्रिटिश इंजिनाला बसला पाहिजे. त्यासाठी लागणारे टॅप (आटे पाडायची हत्यारं) आणि गेज (मापं तपासायची साधनं) अमेरिकेत मिळत नव्हते, ते पॅकार्डने स्वतः बनवून घेतले. ऑगस्ट १९४१ मध्ये, करारानंतर वर्षाच्या आत, पहिली इंजिनं चाचणीला उभी राहिली. युद्ध संपेपर्यंत पॅकार्डने अशी ५५ हजारांहून अधिक इंजिनं दिली. मस्टँग विमानांच्या पुढच्या आवृत्त्या आणि ब्रिटनची कितीतरी लँकेस्टर बॉम्बर विमानं याच इंजिनांवर उडाली. आकाशात इंजिन बंद पडलं तर वैमानिकाला रस्त्याच्या कडेला थांबता येत नाही. असं काम हजारोंच्या संख्येने करून दाखवणारा कामगारवर्ग दहा-बारा वर्षांत गाडीचं दार नीट बसवायला विसरला, असं मानायचं असेल तर त्याला पुरावा हवा. मला तो कुठे सापडलेला नाही.

सापडतं ते वेगळंच. ते समजून घ्यायला १९४०च्या आसपास जावं लागतं.

त्याआधी पॅकार्ड आपल्या नेहमीच्या गाड्यांच्या बॉडी स्वतः बनवत असे. १९४१ मध्ये क्लिपर नावाचं नवं मॉडेल आलं, त्याची बॉडी डेट्रॉईटच्याच ब्रिग्ज मॅन्युफॅक्चरिंग कंपनीकडे दिली गेली, आणि पुढे सगळ्याच बॉडी ब्रिग्जकडून येऊ लागल्या. हिशेबाच्या वहीत ते फायद्याचं दिसलं असणार. पण बॉडी बाहेर गेली की तिच्यासोबत पत्र्याचं ज्ञान बाहेर जातं. डाय म्हणजे पत्रा दाबायचा साचा कुठे झिजतो, भाग धरून ठेवणाऱ्या कुठल्या फिक्श्चरला शिम म्हणजे पातळ पट्टी लागते, दाराची फट कुठल्या वेल्डनंतर वाढते, हे ड्रॉइंगवर लिहिलेलं नसतं. रोज तेच काम करणाऱ्यांच्या हातात ते असतं. बारा-तेरा वर्षांत पॅकार्डच्या हातातून ते निघून गेलं आणि ब्रिग्जच्या हातात जमा झालं.

जानेवारी १९५२ मध्ये ब्रिग्ज कंपनीचे संस्थापक वॉल्टर ब्रिग्ज वारले. डिसेंबर १९५३ मध्ये ब्रिग्जचा मोटार-बॉडीचा अमेरिकेतला सगळा व्यवसाय क्रायस्लरने विकत घेतला. ही तीच क्रायस्लर, जिच्याशी करार करून वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात डॉज, प्लिमथ, डिसोटो गाड्या आणि फार्गो ट्रक जोडायला सुरुवात केली होती. म्हणजे पॅकार्डचा बॉडी पुरवठादार एका रात्रीत प्रतिस्पर्ध्याच्या घरात गेला. चालू मॉडेलपुरत्या बॉडी देऊ, पुढची सोय तुम्ही बघा, असं क्रायस्लरने सांगितलं. पॅकार्डच्या हातात वर्षही उरलं नव्हतं.

आता इथे तुमच्या वर्गात थांबावं, अशी माझी विनंती आहे. मुलांना विचारा : तुम्ही पॅकार्डचे अध्यक्ष आहात, १९५४चा जानेवारी आहे, काय कराल?

अध्यक्ष होते जेम्स नान्स. मे १९५२ मध्ये ते हॉटपॉइंट या घरगुती उपकरणांच्या कंपनीतून आले. विक्रीतला हुशार आणि धडाडीचा माणूस. पॅकार्डला पुन्हा वैभवाचे दिवस दाखवायचे ही त्यांची तळमळ खरी होती, त्यात मला शंका नाही. त्यांच्यासमोर दोन वाटा होत्या. एक म्हणजे ईस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या आपल्या जुन्या कारखान्यातच बॉडीचं काम परत आणायचं. अल्बर्ट कान यांनी १९०३ पासून उभारत नेलेला तो कारखाना सुमारे ३५ लाख चौरस फुटांचा होता. मजल्यांवर मजले होते, अडगळ होती, पण जागा होती आणि तिथली असेंब्ली लाइन चालू स्थितीत होती. दुसरी वाट म्हणजे ब्रिग्जचा कॉनर अव्हेन्यूवरचा बॉडी कारखाना क्रायस्लरकडून भाड्याने घ्यायचा. तो घेतला असता तर बॉडी तिथे बनवून, ट्रकने बुलेव्हार्डवर आणून, जुन्या लाइनवर गाडी पूर्ण करता आली असती. ब्रिग्जच्या काळात तसंच चालत होतं.

निर्णय झाला तो या दोन्हींपलीकडचा. कॉनर भाड्याने घ्यायचा आणि बॉडीबरोबर गाडीची अखेरची जोडणीही तिथेच न्यायची. बहुमजली कारखाने कालबाह्य झाले, एकमजली सलग लाइनचा जमाना आला, असा तेव्हा डेट्रॉईटमध्ये सूर होता. वाहतूक वाचेल, मजुरी वाचेल, असे आकडे मांडले गेले. कॉनरचं क्षेत्रफळ साडेसात लाख चौरस फुटांच्या आसपास. बॉडीपुरतं ठीक होतं. त्यात बॉडी, रंग, ट्रिम आणि अखेरची जोडणी असं सगळं कोंबायचं ठरलं. १९५४च्या शरद ऋतूत जुनी लाइन उखडून नव्या जागी बसवली गेली.

माझ्या कामाच्या अनुभवावरून सांगतो, नुसती लाइन एका शेडमधून शेजारच्या शेडमध्ये हलवली, बाकी काही बदललं नाही, माणसं तीच, मशीन तेच, तरी पहिले काही आठवडे रिजेक्शन वाढतं. फिक्श्चरची लेव्हल बदलते, हवेची लाइन कमी दाबाने येते, गेज कुठल्या कपाटात गेलं ते सापडत नाही, उजेड डावीकडून यायचा तो उजवीकडून येतो. म्हणून जाणता प्लांट हेड लाइन हलवताना आधी साठा करून ठेवतो आणि त्या महिन्यात दुसरं काहीही बदलू देत नाही.

त्या शरद ऋतूत पॅकार्डमध्ये लाइनबरोबर आणखी काय बदललं? कागदाच्या तुकड्यावर लिहून पाहावं असं आहे. कंपनीचं पहिलं व्ही-८ इंजिन, ३२० आणि ३५२ घनइंचांचं, युटिकाच्या नव्या इंजिन कारखान्यातून येणारं. नव्याने सुधारलेला ट्विन अल्ट्रामॅटिक गिअरबॉक्स. टॉर्शन-लेव्हल सस्पेन्शन, जे तोवर जगात कुठल्याही मोठ्या संख्येने बनणाऱ्या गाडीत नव्हतं. रिचर्ड टीग यांनी जुन्या सांगाड्यावर चढवलेला नवा साज, म्हणजे नवे पत्रे, नवं क्रोम, नवी ट्रिम. बॉडी बनवणारे हात नवे. भरीला १ ऑक्टोबर १९५४ रोजी स्टुडबेकर या दुसऱ्या मोटार कंपनीशी विलीनीकरण, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या सगळ्या खुर्च्याही हललेल्या. इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन, बॉडी, कारखाना, कंपनी. सहाही गोष्टी एकाच हंगामात.

यातली कुठलीही एक गोष्ट वाईट नव्हती, हे मला आवर्जून सांगायचं आहे. टॉर्शन-लेव्हल तर अप्रतिम होतं. बिल अ‍ॅलिसन या अभियंत्याची ती कल्पना. पुढचं आणि मागचं चाक गाडीच्या लांबीइतक्या टॉर्शन बारने, म्हणजे पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या पोलादी दांड्याने, जोडलेलं, त्यामुळे पुढच्या चाकाला बसलेला धक्का मागच्या चाकाकडे वाटला जायचा आणि गाडी डुलायची नाही. मागे चार माणसं बसली किंवा डिकीत सामान भरलं की एक विजेची मोटर छोटे बार पिळून गाडी पुन्हा समतल करायची. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला मोटर चालू होऊ नये म्हणून तिला सुमारे सात सेकंदांचा उशीर दिलेला होता. किती विचार केला होता बघा! पण याचा अर्थ त्या काळच्या गाडीत एकदम रिले, सोलेनॉइड, स्विच आणि वायरिंग आलं, आणि ते दुरुस्त करायचं ज्ञान डीलरच्या मेकॅनिककडे नव्हतं.

इंजिनाची गोष्ट तर तुमच्या डिझाइनच्या वर्गात सविस्तर सांगण्याजोगी. तेव्हा बऱ्याच गाड्यांचे वायपर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालत. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की व्हॅक्यूम पडतो आणि नेमके पावसात वायपर मंदावतात. त्यावर उपाय म्हणून पॅकार्डने व्ही-८च्या ऑइल पंपाच्या खालीच एक छोटा व्हॅक्यूम पंप जोडला. दोन्ही एकाच शाफ्टवर. जागा वाचली, भाग वाचले, कागदावर फार देखणं. पण दोघांमधून हवा झिरपून तेलात मिसळू लागली. इंजिनात हायड्रॉलिक लिफ्टर होते, म्हणजे तेलाच्या दाबावर झडपा उघडणारे भाग. लिफ्टर चालतो तो तेल दाबलं जात नाही या एका गुणावर, आणि हवा तर दाबली जाते. फेसाळलेलं तेल लिफ्टरमध्ये गेलं की इंजिन टकटक करायला लागतं. जगातली सर्वांत शांत गाडी म्हणून घेतलेल्या पॅकार्डच्या बॉनेटखालून टकटक यायला लागली, तेव्हा ग्राहकाला काय वाटलं असेल!

हा दोष कुठल्या कामगाराचा? ज्याने पंप ड्रॉइंगप्रमाणे, दिलेल्या टॉलरन्समध्ये, म्हणजे मापातल्या चालणाऱ्या फरकाच्या आत, बसवला त्याचा? हा दोष लाइनच्या शेवटी उभ्या असलेल्या तपासनिसालाही दिसणारा नाही, तो गाडी पुष्कळ मैल पळाल्यावर दिसतो. त्याला पकडायची जागा एकच : विक्रीच्या आधी, वेगवेगळ्या हवामानात, हजारो मैल पळवलेल्या चाचणीच्या गाड्या. त्यासाठी हवा वेळ. वेळ कोणाच्या हातात असतो, हे तुमच्या मुलांनी ओळखायला शिकलं पाहिजे.

गिअरबॉक्सचंही तसंच. अल्ट्रामॅटिक हा १९४९ मध्ये आलेला पॅकार्डचा स्वतःचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. छोट्या कंपन्या तेव्हा असे गिअरबॉक्स बाहेरून विकत घेत, पॅकार्डने स्वतः घडवला, ही अभिमानाची गोष्ट. तो घडला जुन्या सरळ आठ सिलिंडरच्या शांत इंजिनासाठी. नवं व्ही-८ जास्त जोरकस, त्याला पेलेल असं बळकटीकरण घाईघाईने करावं लागलं आणि रस्त्यावर तो तक्रारींचं घर झाला. पुढे प्रसिद्ध झालेले जॉन डिलोरियन तेव्हा तरुण अभियंता म्हणून पॅकार्डमध्ये याच गिअरबॉक्सवर काम करत होते. १९५६च्या मॉडेलमध्ये त्यावर आणखी भर पडली, विजेच्या पुश-बटणांनी गिअर बदलायची. उतारावर ‘पार्क’मध्ये अडकलेली गाडी सोडवताना त्या छोट्या मोटरला जोर पुरत नसे. आधीचा दोष निस्तरायच्या आत नवी युक्ती चढवायची, हे आजही मी पाहतो.

कॉनरमधल्या जोडणीबद्दल थोडक्यात. जागा अपुरी, लाइन अडखळत सुरू झाली, गाड्या अपेक्षेपेक्षा कमी निघाल्या, आणि ज्या निघाल्या त्यांत बॉडीच्या जोडणीच्या, पॅनेल-दारं नीट न बसल्याच्या, ट्रिमच्या तक्रारी होत्या. डीलरकडे पोचल्यावर गाडी ‘पूर्ण’ करून द्यावी लागते, अशी बदनामी झाली. दाटीच्या लाइनवर मागे राहिलेलं काम पुढच्या स्टेशनवर कोणीतरी उरकायचं असतं. ते स्टेशनही मागे असेल तर गाडी तशीच पुढे जाते. जोवर लाइन थांबवायचा अधिकार कोणालाच नाही तोवर ती थांबत नाही. १९५४-५५ मध्ये कॉनरच्या लाइनवरच्या माणसाला तो अधिकार कोणी दिला होता? आणि दिला असता तरी, नव्या गाडीचं अनावरण १७ जानेवारी १९५५ ला ठरलेलं होतं. जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर यांच्या नव्या गाड्या आधीच्या शरद ऋतूतच बाजारात उभ्या होत्या. उशीर आधीच झाला होता, त्यामुळे आणखी थांबायची कोणाची हिंमत होणार नव्हती.

सर्वांत वाईट याचं वाटतं की ग्राहक आले होते. १९५५ हे अमेरिकन मोटार उद्योगाचं विक्रमी वर्ष, ७० लाखांहून अधिक गाड्या खपल्या. पॅकार्डचं उत्पादन १९५४च्या मॉडेलमध्ये सुमारे ३१ हजार होतं, ते १९५५ मध्ये सुमारे ५५ हजारांवर गेलं. लोकांनी जुन्या नावावर विश्वास टाकला. या कंपनीचं ब्रीदवाक्यच होतं, ‘ज्याच्याकडे आहे त्याला विचारा.’ जाहिरातीपेक्षा मालकाच्या शब्दावर उभी राहिलेली कंपनी होती ती. म्हणून इथे दोषाची किंमत दुप्पट होती, कारण बिघडलेल्या प्रत्येक गाडीचा मालक कंपनीच्याच सांगण्यावरून शेजाऱ्याला आपला अनुभव सांगत होता. १९५६च्या मॉडेलचं उत्पादन २९ हजारांच्या आत आलं. त्या वर्षीच्या गाडीत काही दोष दुरुस्तही झाले होते. पण मोडलेला भाग बदलून देता येतो, उडालेला विश्वास पुढच्या मॉडेलने परत येत नाही.

नॅश आणि हडसन यांच्या मीलनातून झालेल्या अमेरिकन मोटर्सनेही १९५५ मध्ये हेच व्ही-८ इंजिन आणि हाच गिअरबॉक्स विकत घेतला होता. लवकरच त्यांनी स्वतःचं व्ही-८ काढलं. तेही गिऱ्हाईक गेलं.

पैशांच्या बाजूची कारणं तुम्ही नीट शिकवता, ती मी इथे लांबवत नाही. १९५३-५४ मध्ये फोर्ड आणि शेवरोलेची किमतीची लढाई, संरक्षण खात्याची हातची गेलेली कामं, स्टुडबेकरची हिशेबाची पुस्तकं नीट न वाचताच झालेलं लग्न, १९५६ मध्ये विमा कंपन्यांनी नाकारलेली कर्जं. १९३५ मध्ये हजार डॉलरच्या आसपास किमतीची वन-ट्वेंटी आणल्याने नाव उतरलं, हाही मुद्दा मुलं मांडतात. त्यावर वाद होऊ शकतो, कारण त्याच गाडीने मंदीत कंपनी तारली. ही सगळी कारणं खरी असू शकतात. पण त्यांतलं एकही कारण घेतलं तरी शेवटी आपण त्याच टेबलाशी पोचतो, जिथे तारखा ठरल्या. पैसा नव्हता म्हणून घाई, घाई म्हणून दोष, दोषामुळे पैसा आला नाही. या साखळीत फिटरने कुठली कडी ओढली, ते मला दाखवा.

कोणी म्हणेल, युनियनमुळे शिस्त नव्हती. युनियन तर जनरल मोटर्समध्येही तीच होती, युनायटेड ऑटो वर्कर्स. कॅडिलॅक जोडणारेही तिचेच सभासद होते. आणि घाईने दोष येतात हे फक्त बुडत्या कंपनीचं लक्षण नाही. खुद्द क्रायस्लरने १९५७ची देखणी मॉडेलं घाईने बाजारात आणली तेव्हा गंज, झिरपणारं पाणी, तुटणारे टॉर्शन बार यांनी तिचं नाव वर्षानुवर्षं खराब झालं. क्रायस्लर मोठी होती, तिने ते पचवलं. पॅकार्डला एकच संधी होती.

याच काळात, १९५० मध्ये, एडवर्ड्स डेमिंग हे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ जपानच्या उद्योगपतींसमोर व्याख्यानं देत होते. बहुतेक दोष व्यवस्थेचे असतात आणि व्यवस्था बदलायचा अधिकार व्यवस्थापनाकडेच असतो, हे ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले. डेमिंग तुम्ही तिसऱ्या वर्षाला शिकवता. पॅकार्ड एमबीएच्या वर्गात शिकवता. दोन्ही धडे एकमेकांना कधी भेटतच नाहीत, ही माझी तक्रार आहे.

त्या कामगारांचं पुढे काय झालं, तेही सांगा. २५ जून १९५६ रोजी कॉनरची लाइन बंद झाली. पुढची दोन वर्षं स्टुडबेकरच्या गावी, साउथ बेंडमध्ये, स्टुडबेकरच्या सांगाड्यावर पॅकार्डची पाटी लावून गाड्या विकल्या गेल्या, १९५८ नंतर तेही संपलं. जेम्स नान्स पुढे फोर्डमध्ये मोठ्या हुद्द्यावर गेले. ईस्ट ग्रँड आणि कॉनरवर वीस-वीस, तीस-तीस वर्षं काढलेली माणसं मात्र पन्नाशीत डेट्रॉईटच्या रस्त्यांवर काम शोधत हिंडली. निवृत्त व्हायला तरुण आणि कामावर घ्यायला म्हातारी, अशी त्यांची गत झाली, आणि तिचा अभ्यास अमेरिकन सिनेटच्या समितीसाठी समाजशास्त्रज्ञांनी केला. डिसेंबर १९६३ मध्ये स्टुडबेकरचा साउथ बेंडचा कारखाना बंद झाला, तेव्हा निवृत्तिवेतनाचा फंड अपुरा निघाला. चाळीस ते साठ या वयोगटातल्या सुमारे चार हजार कामगारांना त्यांच्या हक्काच्या रकमेतले डॉलरमागे पंधरा सेंट मिळाले. त्या प्रकरणाने अमेरिका हादरली आणि १९७४चा निवृत्तिवेतन संरक्षण कायदा होण्यामागे ते एक मोठं कारण ठरलं. एवढं सोसलेल्या माणसांच्या नावावर आपल्या वर्गखोल्यांत अजून ‘निष्काळजीपणा’ लिहिला जातो, हे मला सहन होत नाही.

आता आपल्या इथलं. ग्राहकाकडून तक्रार आली की व्हाय-व्हाय अ‍ॅनालिसिस भरायचं असतं. पाच वेळा ‘का’ विचारायचं. मी असे असंख्य कागद पाहिले, आणि त्यांतल्या बहुतेकांचा शेवट एकाच जागी होतो : ‘ऑपरेटरचं दुर्लक्ष. उपाय : ऑपरेटरला समज दिली, ट्रेनिंग दिलं.’ सही, शिक्का, कागद बंद. महिनाअखेर होती म्हणून डेव्हिएशनवर, म्हणजे मापात न बसणारा माल खास परवानगीने, सोडला गेला, पायलट लॉट म्हणजे चाचणीचा पहिला छोटा घाणा न घेता नवी डाय चालू केली, लाइन हलवली त्याच आठवड्यात नवा भाग सुरू केला, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. पण पाचव्या ‘का’चं उत्तर वरच्या मजल्यावर जातं, म्हणून तिसऱ्यालाच थांबायचं. ही सवय मुलांना कारखान्यात लागते असं मी समजत होतो. आता वाटतं, ती वर्गातून घेऊनच ती येतात. पॅकार्डच्या स्लाइडवर तिसऱ्या ‘का’ला थांबलेल्या मुलाला पूर्ण गुण मिळाले, तर तो पुढे कशाला जाईल?

माझं मागणं मोठं नाही. पॅकार्ड शिकवा, जरूर शिकवा, कारण इतकं स्पष्ट उदाहरण क्वचित मिळतं. फक्त ते ताळेबंदाऐवजी तारखांवरून शिकवा. डिसेंबर १९५३ पासून जून १९५६ पर्यंतचे महिने फळ्यावर आडवे मांडा. त्याखाली कुठल्या महिन्यात काय बदललं ते मुलांकडून भरून घ्या. मग त्यांना विचारा, इंजिनापासून विलीनीकरणापर्यंतच्या त्या सहा बदलांतल्या कुठल्या तीन गोष्टी एक वर्ष पुढे ढकलता आल्या असत्या, आणि तसं केल्याने किती पैसे बुडाले असते. जुन्या लाइनवर जुन्या पद्धतीने गाडी जोडत राहिलो असतो तर काय झालं असतं, यावर त्यांना भांडू द्या. ऑइल पंपाचं चित्र डिझाइनच्या वर्गात काढा आणि हा दोष पकडायला किती मैलांची, कुठल्या हवामानात चाचणी लागेल याचा आराखडा त्यांच्याकडून लिहून घ्या. उत्तरपत्रिकेत ‘कामगारांचा निष्काळजीपणा’ असं कोणी लिहिलं तर गुण कापू नका, पण समासात लिहा : पुरावा द्या.

परीक्षक म्हणून बोलावलेल्या आमच्यासारख्यांबरोबर एखादा लाइनवरचा माणूसही बोलवा. वीस वर्षं वेल्डिंग केलेला, पदवी नसलेला. लाइन हलवली की काय होतं ते तो पाच मिनिटांत सांगेल, आणि मुलं त्याला ‘सर’ म्हणून ऐकतील. तुमच्यापैकी कोणाला हा तास घ्यायचा असेल तर तारखांचा तक्ता मी तयार करून ठेवला आहे, तो विनामूल्य देईन. दुसऱ्या सत्राचे प्रकल्प डिसेंबरमध्ये ठरतात, त्याआधी कळवलंत तर बरं होईल.

आपला स्नेहांकित,
गुणवत्ता विभागातून निवृत्त झालेला एक अभियंता